कोडे सुटले, पण कशावरून?

चार पाय आहेत, पण चालत नाही. ओळखा पाहू!

हे कोडे वर्गात घातले, तर क्षणात हात वर होतील. कोणी म्हणेल खुर्ची, कोणी टेबल, कोणी खाट, तर कोणी चौरंग. कोडे घालणाऱ्याच्या मनात ‘खाट’ असेल, तर तो खाटेला बरोबर म्हणेल आणि बाकीच्यांना चूक ठरवील. पण खुर्ची म्हणणाऱ्याचे चुकले तरी कोठे? खुर्चीला चार पाय असतात आणि ती चालत नाही, हे दोन्ही खरेच आहे. येथे उत्तर बरोबर की चूक, हे फक्त कोडे घालणाऱ्याच्या शब्दावरून ठरते. सोडवणाऱ्याच्या हाती त्याचा काहीच पुरावा नसतो.

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानात असे चालत नाही. निसर्ग कोडी घालतो, पण ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे मोठ्याने सांगत नाही. आपले उत्तर खरे आहे का, हे आपल्यालाच तपासून पाहावे लागते. अशा तपासणीची सवय लावणारा एक खेळ आहे. त्याचे नाव कूट शब्दकोडे. साध्या शब्दकोड्यात ‘आईची बहीण’ असे दिले, की आपण ‘मावशी’ लिहितो आणि पुढे जातो. कूट शब्दकोड्यात एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा दिलेल्या असतात. दोन्ही वाटांनी जाऊन आपण एकाच शब्दाशी पोचलो, तर उत्तर सिद्ध झाले. म्हणून या खेळात ‘उत्तर काय?’ यापेक्षा ‘कशावरून?’ हा प्रश्न मोठा आहे.

सूत्राचे दोन भाग

शब्दकोड्यात उत्तर शोधण्यासाठी जे वाक्य दिलेले असते, त्याला आपण ‘सूत्र’ म्हणू. सूत्राच्या शेवटी कंसात दिलेला आकडा म्हणजे उत्तरातील अक्षरांची संख्या. हे सूत्र पाहा :

सरकारला द्यावा लागणारा हात (२)

वाचल्याबरोबर डोळ्यांपुढे एक विचित्र चित्र उभे राहते. सरकारला हात कशाला द्यायचा? पण कूट सूत्र हे वाक्य म्हणून वाचायचेच नसते. ते तोडून वाचायचे असते. ‘सरकारला द्यावा लागणारा’ हा एक तुकडा आणि ‘हात’ हा दुसरा. सरकारला काय द्यावा लागतो? कर. आणि हाताला दुसरा शब्द? तोही करच! दोन तुकडे, दोन वेगळे अर्थ, पण शब्द एक. उत्तर : कर.

हा झाला श्लेष. बहुतेक सूत्रांत मात्र एक भाग अर्थ सांगतो आणि दुसरा भाग शब्दाची अक्षरे कशी जुळवायची ते सांगतो. त्यांना आपण ‘अर्थभाग’ आणि ‘अक्षरभाग’ म्हणू. अर्थभाग सूत्राच्या आरंभी असतो किंवा शेवटी असतो, मध्ये कधीच नसतो. सूत्र हाती आले, की पहिले काम एवढेच : ते कोठे तोडायचे ते शोधणे.

आणखी एक नियम आधीच ठरवून घेऊ. इंग्रजी कोड्यात एका घरात एक रोमन वर्ण असतो. मराठीत एका घरात एक अक्षर, आणि तेही त्याच्या काना, मात्रा, वेलांटीसह. जोडाक्षरही एकच घर घेते. म्हणजे ‘नदी’ला दोन घरे लागतील आणि ‘नमस्कार’ला चार : न, म, स्का, र.

सहा युक्त्या

अक्षरभागात कोडेकार बहुधा पुढीलपैकी एखादी युक्ती वापरतो.

१. जोड. काम थंड पडल्यावर मजूर (४). ‘काम’ जसेच्या तसे घ्या. ‘थंड’ म्हणजे गार. काम आणि गार जोडले, की झाला कामगार. आणि ‘मजूर’ हा अर्थभाग त्याला दुजोरा देतो.

२. उलट. डाव उलटला की तळून काढतात तो (२). ‘डाव’ या शब्दाची अक्षरे उलट क्रमाने लिहा : व, डा. तळून काढतात तो वडा! ‘डाव उलटणे’ हा आपल्या बोलण्यातला वाक्प्रचार कोडेकाराने अगदी शब्दशः घ्यायला लावला आहे. हीच युक्ती ‘नदी उलटी वाहिली की गरीब (२)’ या सूत्रात आहे. नदी उलटली, की दीन.

३. उलथापालथ. खवळलेली मगर तापलेली (३). येथे अक्षरे उलट नव्हे, तर हवी तशी हलवायची आहेत. ‘खवळलेली’ हा शब्द तसे सांगतो. म, ग, र यांच्या एकूण सहाच मांडण्या होतात : मगर, मरग, गमर, गरम, रमग, रगम. त्यांपैकी ‘तापलेली’ या अर्थाचा शब्द एकच, गरम.

४. दडलेला शब्द. आत बलाढ्य पहिलवान, त्यांच्यात वाजते ते (३). ‘त्यांच्यात’ हा शब्द सांगतो, की उत्तर समोरच आहे, फक्त दोन शब्दांच्या मधल्या फटीकडे दुर्लक्ष करा. आ-त-ब-ला-ढ्य. सापडला ना तबला?

५. पोटातला शब्द. माशीने गिळला वडीचा पहिला घास, ती आईची बहीण (३). ‘वडीचा पहिला घास’ म्हणजे वडी या शब्दातले पहिले अक्षर, व. ते ‘माशी’च्या पोटात घाला : मा-व-शी. आईची बहीण मावशी.

६. काटछाट. बिनडोक सुताराने पाठवलेला निकडीचा निरोप (२). ‘सुतार’ या शब्दाचे डोके म्हणजे पहिले अक्षर उडवले, की उरते तार. आपल्या देशातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. त्यामुळे आज ही तार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलीही नसेल, पण आजी-आजोबांना विचारलेत तर ते लगेच ओळखतील.

या उदाहरणांत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. प्रत्येक सूत्रात एक ‘खुणेचा शब्द’ आहे. उलटला, खवळलेली, त्यांच्यात, गिळला, बिनडोक हे ते शब्द. अक्षरांचे काय करायचे, ते तो सांगतो. गणितात अधिक, वजा, गुणिले या चिन्हांचे जे काम, तेच येथे खुणेच्या शब्दाचे. फक्त जोड या युक्तीत खूण नसली तरी चालते. शब्द एकापुढे एक ठेवले, की ती बेरीजच झाली.

खेळाचे नियम कोणी घातले?

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. मूळचा लिव्हरपूलचा पत्रकार आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी, रविवारी, न्यूयॉर्क वर्ल्ड या दैनिकाच्या पुरवणीत पहिले कोडे छापले. त्याचा आकार चौरस नव्हता, बर्फीसारखा होता. त्यातील सूत्रे सरळ अर्थ सांगणारी होती.

हा खेळ इंग्लंडात पोचला आणि १९२०च्या दशकात तेथे त्याला कूट वळण लागले. १९२६ पासून ऑब्झर्व्हर या साप्ताहिकात एडवर्ड पॉविस मॅदर्स हे ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचू लागले. टॉर्केमाडा हा मध्ययुगीन स्पेनमधील धर्मन्यायालयाचा क्रूर प्रमुख होता. सोडवणाऱ्यांचा छळ करायचा, म्हणून हे नाव! १९३९ साली मॅदर्स वारले आणि ती जागा डेरिक मॅकनट या ग्रीक-लॅटिनच्या शिक्षकाकडे आली. त्यांनी ‘झिमेनीझ’ हे दुसऱ्या धर्मन्यायाधीशाचे नाव घेतले. १९७२ साली तिसरे कोडेकार आले. त्यांनी ‘देझा’ या धर्मन्यायाधीशाच्या नावाचे रोमन वर्ण उलटून ‘अझेद’ असे नाव धारण केले. म्हणजे आपली दुसरी युक्तीच!

मॅकनट यांनी १९६६ साली एक पुस्तक लिहून चांगल्या सूत्राचे नियम मांडले. त्यांचे सार असे : सूत्रात नेमका अर्थ असावा, अक्षरे जुळवण्याची प्रामाणिक सूचना असावी, आणि या दोहोंखेरीज काहीही नसावे. कोडेकाराने सोडवणाऱ्याला चकवावे, पण त्याच्याशी खोटे बोलू नये.

या नियमाचे महत्त्व एका सदोष सूत्रावरून कळेल. ‘नदीकाठचा गरीब (२)’ असे सूत्र दिले आणि उत्तर ‘दीन’ आहे असे सांगितले, तर ते अन्यायाचे होईल. ‘गरीब’ हा अर्थ ठीक आहे. ‘नदी’ही आहे. पण ती उलटायची, हे कोणी सांगितले? आणि ‘काठ’ कशासाठी आला? खुणेचा शब्द नाही, उलट एक फालतू शब्द मात्र आहे. अशा सूत्राचे उत्तर कोणी लिहिलेच, तर तो अंदाज असेल. ती सिद्धता नव्हे.

एक लहानसे कोडे

आता आपण मिळून एक लहान कोडे सोडवू. वहीत तीन बाय तीन घरांचा चौरस काढा आणि मधले घर काळे करा. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातील घराला १, उजवीकडच्या वरच्या कोपऱ्याला २ आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्याला ३ असे क्रमांक द्या. शब्द चारच आहेत.

आडवे
१. गोंधळात विकता ती काव्यरचना (३)
३. लढाईच्या तोंडाशी जखमेची खूण, हाती आले मीठ (३)

उभे
१. पाक मलईत मुरला, आत उमलले फूल (३)
२. ताणात सापडला रकमेचा आरंभ, कर्जासाठी ठेवतात ते (३)

पुढे वाचण्यापूर्वी पाच मिनिटे स्वतः प्रयत्न करा.

समजा, एका विद्यार्थ्याने उभ्या २ पासून सुरुवात केली. ‘कर्जासाठी ठेवतात ते’ हे वाचताच त्याला शब्द सुचला, गहाण. तीन अक्षरे आहेत, अर्थही जुळतो. त्याने शाईने लिहून टाकले.

मग तो आडव्या ३ कडे वळला. ‘लढाईचे तोंड’ म्हणजे लढाईतले पहिले अक्षर, ल. ‘जखमेची खूण’ म्हणजे वण. ल आणि वण शेजारी ठेवले, की लवण, म्हणजे मीठ. दोन्ही वाटा एकाच जागी आल्या. आणि गंमत पाहा : लवण या शब्दाचे शेवटचे अक्षर ण, आणि गहाणचेही शेवटचे अक्षर ण. दोन्ही शब्द उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात बिनतक्रार जुळले. विद्यार्थ्याला वाटले, ‘चला, गहाण नक्की झाले!’

नक्की झाले का? पुढे जाऊ.

आडवे १. काव्यरचना तीन अक्षरांची. अभंग? लावणी? पोवाडा? कविता? नुसत्या अर्थावरून निवड करता येत नाही. पण ‘गोंधळात विकता’ हा अक्षरभाग आहे. वि, क, ता यांच्या मांडण्या सहा : विकता, विताक, कविता, कतावि, ताविक, ताकवि. आता दोन संच मांडा. पहिल्या संचात तीन अक्षरी काव्यरचनांची नावे, दुसऱ्यात या सहा मांडण्या. दोन्ही संचांत असलेला घटक एकच आहे, कविता. दोन संचांच्या सामाईक घटकांच्या संचाला गणितात ‘छेद’ म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. कूट सूत्र सोडवणे म्हणजे असा छेद शोधणे.

पण कविता या शब्दाचे शेवटचे अक्षर ता. ते क्रमांक २ च्या घरात येते. तेथे तर आपल्या विद्यार्थ्याने गहाणचा ग लिहून ठेवला आहे! काहीतरी चुकले आहे. कविता की गहाण?

निवाडा कसा करायचा? ‘कशावरून?’ असे दोघांनाही विचारायचे. कविता या उत्तरामागे दोन वाटा आहेत. गहाण या उत्तराने आपल्या सूत्राचा अर्धाच भाग उलगडला होता. ‘ताणात सापडला रकमेचा आरंभ’ या शब्दांचे काय? ते तसेच पडून राहिले. आता ते वाचू. रकमेचा आरंभ म्हणजे र. तो ‘ताण’ या शब्दात घाला : ता-र-ण. तारण! कर्जासाठी तारणही ठेवतातच. आणि तारणचे पहिले अक्षर ता, शेवटचे ण. दोन्ही कोपरे जुळले.

राहिले उभे १. फूल तीन अक्षरांचे : गुलाब, मोगरा, कमळ… पण ‘पाक मलईत’ यांच्या आत पाहा. पा-क-म-ल-ई-त. कमल! कोणी घाईने ‘कमळ’ लिहिले असते, तर खालच्या कोपऱ्यात लवणचा ल आडवा आला असता. कोडे पुरे झाले :

क वि ता
म ■ र
ल व ण

या चार शब्दांनी आपल्याला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली : एखादी गोष्ट जुळली, म्हणजे आपले म्हणणे सिद्ध झाले असे नव्हे. गहाणचा ण जुळलाच होता! चुकीचे उत्तरही एखाद्या ठिकाणी जुळू शकते. दुसरी : एक खरी विसंगती उत्तर पाडायला पुरेशी असते. ता आणि ग एका घरात राहू शकत नाहीत. म्हणून चांगला सोडवणारा आपले उत्तर कोठे जुळते एवढेच पाहत नाही, ते कोठे अडते हे मुद्दाम शोधतो. आणि सूत्रातला एकही शब्द न उलगडलेला राहिला, तर तो पेन्सिल खाली ठेवत नाही.

युद्धातले कोडे

ही सवय किती मोलाची ठरू शकते, याचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धात सापडते. जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या डेली टेलिग्राफ या दैनिकाने एक स्पर्धा घेतली. कोडे बारा मिनिटांच्या आत सोडवायचे होते. तेच कोडे १३ जानेवारीच्या अंकात छापून आले. पुढे या स्पर्धकांपैकी काही जणांना बोलावणे आले आणि शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. हे काम ब्लेचली पार्क येथे चालत असे.

जर्मन सैन्य आपले संदेश ‘एनिग्मा’ नावाच्या यंत्राने गुप्त करी. त्याचे कोडे प्रथम पोलंडच्या गणितज्ञांनी १९३२ साली उकलले होते. युद्धकाळात यंत्राची गुंतागुंत वाढली आणि ब्लेचलीत ॲलन ट्युरिंग आणि त्यांचे सहकारी त्यावर काम करू लागले. या यंत्राच्या रचनेत एक उणीव होती. त्यात कोणत्याही वर्णाचे रूपांतर कधीच त्याच वर्णात होत नसे. ही बारीकशी गोष्ट शोधकांनी कशी वापरली, ते मराठी अक्षरे घेऊन पाहू.

समजा, गुप्त संदेश आहे : ल र म क त स. आणि आपला तर्क आहे, की त्यात कोठेतरी ‘मदत’ हा शब्द लपला आहे. सहा अक्षरांखाली तीन अक्षरे चार ठिकाणी ठेवता येतील. तिसऱ्या अक्षरापासून सुरुवात केली, तर म खाली म येतो. हे यंत्राला शक्यच नाही! म्हणून ती जागा बाद. उरल्या तीन. तर्क केलेला मजकूर जितका लांब, तितक्या अधिक जागा अशा बाद होतात. मग उरलेल्या जागा एकेक करून यंत्राच्या साहाय्याने तपासायच्या, आणि विसंगती आली की त्याही सोडून द्यायच्या. उत्तर शोधण्याआधी चुकीची उत्तरे बाद करणे, हीच ती रीत. आपण ग आणि ता यांच्या घरात जे केले, तेच हे.

तिवईने दिलेली साक्ष

युद्धकाळात अशा कामावर असलेल्यांपैकी एक होते जॉन चॅडविक. युद्धानंतर ते ग्रीक भाषेच्या अभ्यासाकडे वळले आणि एका फार जुन्या कोड्याच्या सिद्धतेत सहभागी झाले.

१९०० साली आर्थर एव्हान्स यांना क्रीट बेटावरील नॉसॉस येथे मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवर एक अज्ञात लिपी होती. तिला पुढे ‘रेषालिपी ब’ असे नाव पडले. लिपी अज्ञात, भाषाही अज्ञात! अर्धे शतक ती कोणाला वाचता आली नाही. अमेरिकेतील ॲलिस कोबर यांनी शब्दांची शेवटची चिन्हे कशी बदलतात याचा चिकाटीने अभ्यास केला. कोणत्या चिन्हांत व्यंजन एक आणि स्वर वेगळे असावेत, हे त्यांनी दाखवून दिले. मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने त्याच वाटेने पुढे जाऊन चिन्हांचा एक तक्ता तयार केला. एका ओळीत एकच व्यंजन, एका उभ्या रांगेत एकच स्वर. आपण लहानपणी पाठ केलेली बाराखडी ती हीच! कारण आपल्या लिपीप्रमाणे या लिपीतही एक चिन्ह म्हणजे बहुधा व्यंजन आणि स्वर मिळून झालेले एक अक्षर होते.

१९५२ साली व्हेंट्रिस यांनी जाहीर केले, की या पाट्यांची भाषा प्राचीन ग्रीक आहे. चॅडविक त्यांच्या मदतीला आले. पण अनेक विद्वानांना शंका होती. चिन्हांना आपल्या सोयीचे उच्चार द्यायचे आणि मग सोयीचे शब्द वाचायचे, असे तर झाले नाही ना? हा प्रश्न रास्त होता. कोडे सुटले, पण कशावरून?

उत्तर मिळाले १९५३ साली. अमेरिकन उत्खननकार कार्ल ब्लेगन यांना ग्रीसमधील पायलॉस येथे सापडलेली एक पाटी त्या वर्षी स्वच्छ करून झाली. तक्ता तयार करताना व्हेंट्रिस यांनी ती पाहिलेलीही नव्हती. ब्लेगन यांनी तक्त्यातील उच्चार त्या पाटीला लावून पाहिले. एका जागी वाचता आले, ‘ति-रि-पो-दे’. म्हणजे तीन पायांची भांडी. संस्कृतातील ‘त्रिपाद’ हा त्या ग्रीक शब्दाचा सख्खा नातलग. आणि शब्दाशेजारी चित्र कशाचे? तीन पायांच्या भांड्याचे! पुढे आणखी भांडी होती. जेथे शब्द ‘चार कानांचे’ असे सांगत होता, तेथील चित्राला चार कान होते. जेथे ‘तीन कानांचे’, तेथे तीन. आणि जेथे ‘बिनकानाचे’, तेथे एकही नाही. हो, भांडे धरण्याच्या जागेला आपण जसे कढईचा कान म्हणतो, तसेच ते लोकही म्हणत!

येथे दोन वाटा होत्या. शब्दाची वाट व्हेंट्रिस यांच्या तक्त्यातून आली. चित्राची वाट हजारो वर्षांपूर्वीच्या कारकुनाने आखून ठेवली होती. एका वाटेवरच्या माणसाला दुसरी वाट ठाऊकही नव्हती, तरी दोन्ही एकाच जागी भेटल्या, आणि तेही एकदा नव्हे, भांड्यामागून भांड्यापाशी. या साक्षीने बहुतेकांच्या शंका फिटल्या.

शब्दकोडे आणि विज्ञान यांत एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. कोड्याचा रचनाकार माणूस असतो आणि दोन्ही वाटा तो मुद्दाम आखतो. निसर्गात दुसरी वाट आपल्यालाच शोधावी लागते. तापमापकाने दाखवलेला आकडा दुसऱ्या तापमापकाने पडताळणे, प्रयोगाचे उत्तर गणिताने काढून पाहणे, मित्राला तोच प्रयोग स्वतंत्रपणे करायला सांगणे, हे सारे दुसरी वाट शोधण्याचेच प्रकार आहेत. आणि वाट खरोखर स्वतंत्र हवी. मित्राने तुमच्या वहीतून आकडे उतरवून घेतले, तर ती दुसरी वाट नव्हे.

स्वाध्याय

पुढील सूत्रे सोडवा. प्रत्येक उत्तरापुढे तीन गोष्टी लिहा : अर्थभाग कोणता, अक्षरभाग कोणता आणि खुणेचा शब्द कोणता. सावधान, एका सूत्रात श्लेष आहे. तेथे अक्षरभागाऐवजी दुसरा अर्थ शोधावा लागेल.

१. हत्ती उलटला की सारी दुनिया (२)
२. समोरचा पहिला गेला, नाचणारा उरला (२)
३. मामा सासरी निघाले, त्यांच्यात पोहणारा (२)
४. झरझर येणारा मेघ (३)
५. बिघडलेल्या गजरातून निकड (३)
६. उलटून पाहिला तरी डोळा तोच (३)
७. गुरुजींच्या मागोमाग मोटार राज्यकारभार पाहते (४)

शिक्षकांसाठी : वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाला फक्त अर्थभाग द्यावा, दुसऱ्याला फक्त अक्षरभाग. दोन्ही गटांनी आपापल्या शब्दांच्या याद्या फळ्यावर लिहाव्यात आणि मग त्यांचा छेद काढावा. त्यानंतर विद्यार्थ्यांना स्वतः एकेक सूत्र रचायला सांगावे. सूत्र रचताना शब्दाकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. त्यामुळे भाषेचा अभ्यास होतो, आणि सदोष सूत्र वर्गच पकडून देतो.

उत्तरे : १. जग, २. मोर, ३. मासा, ४. जलद, ५. गरज, ६. नयन, ७. सरकार.

उत्तरे दिली आहेत, स्पष्टीकरणे दिलेली नाहीत. ती तुम्ही लिहायची आहेत. ज्याने नुसती उत्तरे उतरवून घेतली, त्याचे कोडे अजून सुटलेले नाही.